विश्लेषण : धर्मांतराला विरोध, पण ख्रिस्ती पुस्तकाला प्रस्तावना… वर्ध्यातला हा इतिहास आजच्या वादात का महत्त्वाचा?

महाराष्ट्रात कडक धर्मांतरविरोधी कायदा आणला जाईल, असे गृह (ग्रामीण) राज्यमंत्री पंकज भोयर यांनी जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशनात सांगितले. भोयर हे वर्ध्याचे आमदार. त्याआधी फेब्रुवारीत राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली होती. तेव्हापासूनची सगळी चर्चा सक्ती, फसवणूक आणि आमिष या तीन शब्दांभोवती फिरते आहे. पण अशा कायद्याच्या कक्षेत आणखी एक गोष्ट येऊ शकते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे पुस्तक.

बायबलची प्रत, येशूच्या शिकवणीवरची छोटी पुस्तिका, चर्चचे मासिक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेली पीडीएफ. हे वाटणे म्हणजे धर्ममताची माहिती देणे की आमिष दाखवणे? हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. सेवाग्राम, मगनवाडी आणि पवनार या तीन ठिकाणी ख्रिस्ती धर्मविचारावर गंभीर काम झाले आणि ते करणाऱ्यांपैकी एकालाही कोणाचे धर्मांतर करायचे नव्हते. उलट, धर्मांतराला विरोध करणारे देशातले सर्वांत मोठे नाव तेव्हा इथेच राहत होते.

ख्रिस्ती धर्मशास्त्राची पुस्तके म्हणजे नेमके काय?

बायबल हा मूळ ग्रंथ. त्याच्याभोवती जे लिहिले जाते ते धर्मशास्त्र : देव कसा आहे, येशू कोण होता, पाप म्हणजे काय, तारण कसे मिळते, चर्चचा अधिकार कुठून येतो, अशा प्रश्नांची मांडणी. त्यात बायबलवरच्या टीका येतात. इथे ‘टीका’ म्हणजे भाष्य, ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे त्या अर्थाने. मुलांना शिकवायच्या प्रश्नोत्तरी येतात, प्रवचने येतात, आणि चर्च किंवा मिशनची नियतकालिके येतात. शिवाय रस्त्यात वाटतात ती चार-आठ पानांची पत्रके. पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचणारे वाद बहुतेक या शेवटच्या प्रकारावरून होतात, पण कायद्याची भाषा लिहिताना पत्रक आणि ग्रंथ यांत फरक केला जात नाही. अडचण तिथेच सुरू होते.

मगनवाडीतल्या हिशेबनिसाने काय लिहिले?

वर्धा शहरातली मगनवाडी आज लोकांना ग्रामोद्योगाच्या संग्रहालयामुळे माहीत असते. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय इथे आले. जागा जमनालाल बजाज यांनी दिली. संघाचे सचिव होते जे. सी. कुमारप्पा. तमिळनाडूतल्या तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ मध्ये जन्म, मूळ आडनाव कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. १९२९ मध्ये गांधींना भेटले आणि सूट-बूट सोडून खादीत आले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ यांचे अर्थशास्त्र त्यांनी मगनवाडीत बसून मांडले. ‘ग्रामउद्योग पत्रिका’ हे मासिकही तेच चालवत.

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ प्रसिद्ध झाले, आज पर्यावरणाच्या अभ्यासक्रमांतही त्याचे नाव घेतले जाते. दुसऱ्याचे नाव ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’, म्हणजे येशूचे आचरण आणि त्याची शिकवण. हे दुसरे पुस्तक फार कमी लोकांना ठाऊक आहे. खरे तर दोन्ही एकत्र वाचायला हवीत, कारण पहिल्यातला ‘सेवेची अर्थव्यवस्था’ हा विचार दुसऱ्यातूनच उगवलेला आहे.

कुमारप्पांचे म्हणणे थोडक्यात असे. येशूने पंथ काढला नाही, जगण्याची रीत दाखवली. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा रविवारच्या प्रार्थनेपुरती नाही. आपण काय विकत घेतो, त्यामागे कोणाची मजुरी बुडाली, कोणाच्या देशावर कोणाची सत्ता बसली, हे सगळे त्या आज्ञेच्या आत येते. साम्राज्याच्या सावलीत वाढलेल्या चर्चने हा भाग बाजूला ठेवला, असा त्यांचा आरोप होता. १९३० मध्येच त्यांनी मिशनऱ्यांना आणि ख्रिस्ती कार्यकर्त्यांना अहिंसक लढ्याची बाजू घेण्याचे जाहीर आवाहन केले होते. म्हणजे हे पुस्तक ख्रिस्ती माणसाने लिहिलेले, येशूवरच्या श्रद्धेतून आलेले, पण त्याचा रोख चर्चवर. १९४५ मध्येच त्यांचे ‘ख्रिश्चॅनिटी : इट्स इकॉनॉमी अँड वे ऑफ लाइफ’ हे आणखी एक पुस्तक आले.

धर्मशास्त्राची पदवी नसलेला हिशेबनीस धर्मशास्त्र लिहितो, यात वावगे काय असे कोणी विचारेल. तर गांधींनीच त्याचे उत्तर दिले. त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, श्रद्धाळूंनी ते वाचावे अशी शिफारस केली आणि कुमारप्पांना गमतीने दोन पदव्या देऊन टाकल्या : ‘डॉक्टर ऑफ व्हिलेज इंडस्ट्रीज’ आणि ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’. पहिली ग्रामोद्योगाची, दुसरी धर्मशास्त्राची.

पण गांधी तर धर्मांतराच्या विरोधात होते ना?

होते, आणि अगदी ठाम. १९३५ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांची भूमिका छापली गेली, ती आजही धर्मांतरविरोधी कायद्याचे समर्थक पुढे करतात. आपल्याकडे सत्ता असती आणि कायदा करता आला असता तर धर्मांतराचे उद्योग आपण बंद केले असते, असा त्या भूमिकेचा आशय. शाळा आणि दवाखाना उघडून त्या बदल्यात आत्मा मोजणे त्यांना मान्य नव्हते. १९३६ मध्ये जागतिक मिशनरी चळवळीचे नेते जॉन मॉट शेगावला (आजचे सेवाग्राम) येऊन गांधींना भेटले. चर्चेचा मुख्य विषय दलितांचे धर्मांतर हाच होता. १९३८ च्या अखेरीस मद्रासजवळ तांबरमला आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली, तेव्हाही मॉट आधी इथे येऊन गेले. पुढे १९४६ मध्ये मॉट यांना शांततेचे नोबेल मिळाले.

मुद्दा असा की धर्मांतराच्या उद्योगाला विरोध करणाऱ्या माणसानेच दहा वर्षांनी येशूच्या शिकवणीवरचे पुस्तक लोकांनी वाचावे म्हणून प्रस्तावना लिहिली. गांधींना यात विरोधाभास वाटला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, माणसाच्या गरजेचा फायदा घेणे. दुसरी, माणसापुढे विचार ठेवणे. बायबलमधले डोंगरावरचे प्रवचन त्यांनी स्वतः लंडनमध्ये विद्यार्थी असताना वाचले होते आणि त्याचा प्रभाव आयुष्यभर मान्य केला. ते ख्रिस्ती झाले नाहीत.

आजच्या चर्चेत गांधींच्या या भूमिकेचा पहिलाच भाग उचलला जातो. दुसरा भाग कुमारप्पांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेला आहे, पण ते पुस्तक कोणी उघडत नाही.

पवनारला विनोबांनी काय केले?

वर्ध्यापासून काही किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनारचा आश्रम. १९५९ मध्ये विनोबा भावे यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. विनोबांनी निरनिराळ्या धर्मग्रंथांचे ‘सार’ काढण्याचे काम अनेक वर्षे केले. कुराण-सार हे त्यातले सर्वांत गाजलेले. धम्मपदाची त्यांनी नव्याने रचना केली, शिखांच्या जपुजीवर लिहिले आणि बायबलच्या नव्या करारातून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले.

त्यांची पद्धत साधी होती. स्वतःचे भाष्य कमीत कमी ठेवायचे, मूळ वचने निवडायची आणि ती विषयवार लावायची. निवड हेच भाष्य. कोणते वचन घेतले आणि कोणते सोडले यातून विनोबांचे मत कळते. श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकाला ही निवड अपुरी वाटू शकते, कारण विनोबांचा ओढा येशूच्या शिकवणीकडे, तर चर्चच्या दृष्टीने येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान हाच विश्वासाचा कणा. हा मतभेद खरा आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. पण एका हिंदू संन्यस्त वृत्तीच्या माणसाने नव्या कराराचे पुस्तक संपादित केले आणि ते इतर धर्मग्रंथांच्या शेजारी ठेवले, तेव्हा त्याला कोणी धर्मप्रचार म्हटले नाही.

इथे एक अवघड प्रश्न उरतोच. तीच वचने विनोबांनी छापली तर समन्वय आणि एखाद्या पाद्रीने छापली तर प्रचार, असे असेल तर कायदा पुस्तक पाहतो की माणूस?

वर्ध्याचे प्राध्यापक आणि नियोगी समिती

धर्मांतरावरच्या कोणत्याही वादात ‘नियोगी अहवाल’ हे नाव हमखास येते. त्याचा वर्ध्याशी असलेला संबंध मात्र विस्मरणात गेला आहे. वर्धा तेव्हा महाराष्ट्रात नव्हताच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. त्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने १४ जिल्ह्यांत फिरून ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि १९५६ मध्ये अहवाल दिला.

समितीवर ख्रिस्ती सदस्य एकच होते : एस. के. जॉर्ज, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजमधले प्राध्यापक. मूळचे केरळचे सीरियन ख्रिस्ती, धर्मशास्त्राचे पदवीधर. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजमध्ये शिकवत असताना त्यांनी सविनय कायदेभंगाच्या बाजूने उघड भूमिका घेतली आणि १९३२ मध्ये नोकरी सोडली. १९३९ मध्ये त्यांचे ‘गांधीज् चॅलेंज टु ख्रिश्चॅनिटी’ लंडनहून निघाले, प्रस्तावना सर्वपल्ली राधाकृष्णन यांची. १९४७ मध्ये नवजीवनने त्याची नवी आवृत्ती काढली. क्रूसाचा अर्थ चर्चपेक्षा सत्याग्रहात जास्त स्पष्ट दिसतो, असा त्या पुस्तकाचा सूर. साहजिकच चर्चच्या मुख्य प्रवाहाला ते आपले प्रतिनिधी वाटत नव्हते आणि समितीच्या रचनेवर तेव्हाही टीका झाली.

आता आपल्या विषयाचा भाग. नियोगी समितीच्या शिफारशींमध्ये एक शिफारस थेट छापील साहित्याबद्दल होती : धर्मप्रचारासाठीचे साहित्य राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय वाटण्यास बंदी घालावी. म्हणजे आधी सरकारला दाखवा, मग वाटा. ही शिफारस तशीच कायद्यात आली असती तर कुमारप्पांची, जॉर्ज यांची स्वतःची आणि विनोबांची पुस्तकेही एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेली असती. ‘धर्मप्रचारासाठीचे’ म्हणजे काय, हे ठरवणार तोच अधिकारी.

मध्य प्रदेशने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला (ओडिशाने १९६७ मध्ये), तेव्हा ही शिफारस त्यात घेतली नाही. कायदा सक्ती, फसवणूक आणि आमिष यांपुरता राहिला. तोपर्यंत वर्धा महाराष्ट्रात येऊन आठ वर्षे झाली होती.

न्यायालये काय सांगतात?

संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रचार करणे, असे तीन हक्क आहेत. मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या स्टेनिस्लॉस निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही कायदे कायम ठेवले. या निकालातले एकच वाक्य सगळीकडे फिरते : प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र गळतो. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क अनुच्छेद २५ देतो, असेही तिथेच म्हटले आहे. तत्त्वे समजावून सांगणे म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, धर्मशास्त्राचे पुस्तक हेच करते.

अलीकडचे उदाहरण उत्तर प्रदेशचे. सप्टेंबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने दोन आरोपींना जामीन देताना म्हटले की, चांगली शिकवण देणे, बायबल वाटणे, मुलांना शिकायला प्रोत्साहन देणे, गावजेवण घालणे, यांना त्या राज्याच्या २०२१ च्या कायद्याखाली आमिष म्हणता येत नाही. आदेशात आणखी एक मुद्दा होता. तक्रार एका राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याने केली होती, तर कायद्यानुसार ती बाधित व्यक्ती किंवा तिच्या नातेवाइकांनीच करायला हवी होती. पुढे २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने कायदाच बदलला आणि कोणालाही तक्रार करण्याची मुभा दिली. जामिनाचा आदेश हा अंतिम निकाल नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

एका शब्दावर सगळे का अडते?

जुन्या कायद्यांमध्ये आमिष म्हणजे पैसा, वस्तू किंवा अन्य लाभ. नव्या पिढीच्या कायद्यांमध्ये ही व्याख्या पसरली. उत्तर प्रदेशात नोकरी, धर्मसंस्थेच्या नावाजलेल्या शाळेत मोफत शिक्षण, चांगले राहणीमान आणि दैवी कोप हेही त्यात आले. कर्नाटकच्या २०२२ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन एका धर्माच्या तुलनेत दुसऱ्याच्या प्रथा हीन दाखवणे आणि एका धर्माचा दुसऱ्यापेक्षा गौरव करणे यांचाही आमिषाच्या व्याख्येत समावेश केला.

पैशाचे आमिष सिद्ध करता येते. पावती असते, साक्षीदार असतो. गौरव कसा मोजणार? कोडिंग केलेल्या कोणालाही हे चटकन कळेल : ज्या अटीचे उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ येते, ती अट लिहून उपयोग नसतो. जगातले कुठलेही धर्मशास्त्र ‘आमचा मार्ग खरा’ याच गृहीतकावर उभे असते. येशूच तारणारा आहे हे वाक्य ख्रिस्ती धर्मशास्त्रातून काढले तर उरते काय? हीच कसोटी इतरांना लावली तर आर्य समाजाचा ‘सत्यार्थ प्रकाश’ काय आणि डॉ. आंबेडकरांच्या २२ प्रतिज्ञा काय, सगळेच अडचणीत येतील. नागपूरची दीक्षाभूमी वर्ध्याहून ७५-८० किलोमीटर. त्यामुळे हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा राहत नाही.

मराठीत तर धर्मावरच्या उघड वादाची परंपराच आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. दोन्ही बाजूंनी परस्परांच्या धर्मातल्या उणिवा काढल्या, लोक ऐकायला जमले आणि पुढे ते वाद पुस्तकरूपातही आले. त्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. विधवांच्या हालांवरची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते आणि तिचा शेवट ख्रिस्ती विचाराकडे झुकतो. वरच्या व्याख्येने पाहिले तर ती आज कोणत्या कपाटात ठेवायची?

पुस्तक वाचून धर्मांतर होते, ते काय?

होते. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विदर्भातल्याच रेल्वे प्रवासाचे आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळकांनी ती वाचली, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. यात पैसा नाही, नोकरी नाही. उलट होती ती प्रतिष्ठा गेली.

पण त्याची किंमत कोणी मोजली, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नवऱ्याच्या एका निर्णयाने त्यांचा संसार तुटला, काही वर्षे दोघे वेगळे राहिले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराने घरे मोडतात, ही कायद्याच्या समर्थकांची तक्रार काल्पनिक नाही, हे सांगणारे मराठीतले सर्वांत प्रामाणिक पुस्तक एका धर्मांतरित बाईचेच आहे. तरीही त्या प्रवाशाने प्रत द्यायला नको होती का, किंवा टिळकांनी ती वाचायला नको होती का, या प्रश्नाला कायद्याने ‘हो’ असे उत्तर द्यायचे ठरवले तर तो कायदा आमिषाविरुद्धचा राहत नाही, वाचनाविरुद्धचा होतो. माझ्या मते रेषा इथेच आहे. पुढे लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. येशूचे हे काव्यचरित्र १९३८ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

या साहित्यातून मराठीला काय मिळाले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर २७ फेब्रुवारीला मराठीच्या थोरवीचे एक जुने पद्य मोबाइलवर फिरते. ते फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे, १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तले. जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे मराठीतले पहिले मोठे ख्रिस्ती धर्मशास्त्र. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ शब्द वापरला, कारण ऐकणाऱ्याला तोच कळत होता. नागरी खिळे मिळाले नाहीत म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापले गेले. आणि या भाषेवर गदा आणली ती पोर्तुगीज सत्तेनेच : १६८४ च्या हुकमाने गोव्यातल्या लोकांना तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितले गेले.

विदर्भाचा दुवाही आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार तयार केला (१८११), तेव्हा त्यांच्या मदतीला नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा होते.

नियतकालिकांत ‘ज्ञानोदय’चे नाव आधी घ्यावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने ते १८४२ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) सुरू केले. मूळ हेतू धर्मप्रसाराचा, त्यात लपवाछपवी नव्हती. पण १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला तो याच पत्राने. दलित स्त्रीचे पहिले छापील लेखन म्हणून आज तो विद्यापीठांत शिकवला जातो. बाबा पदमनजी आणि ना. वा. टिळक यांनीही या पत्राच्या संपादनाचे काम केले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून ते १९२४ मध्ये पुरे छापले.

अलीकडचे नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईच्या ‘सुवार्ता’चे अनेक वर्षे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला आक्षेप घेतला गेला तो साहित्यावरून नव्हे, झग्यावरून. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी. त्यातही मराठीत वाचणारे आणखी कमी. अशा छोट्या बाजारात पुस्तक विकून चालत नाही, बरेचदा ते वाटावेच लागते. म्हणून ‘मोफत वाटप’ या शब्दांकडे संशयाने पाहिले गेले की या साहित्याला त्याचा फटका इतरांपेक्षा लवकर बसतो.

सध्याच्या कायद्यात द्वेषपूर्ण साहित्य रोखता येत नाही का?

येते. हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे (पूर्वीचे २९५-अ), तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेले. समाजासमाजांत तेढ निर्माण केल्यास कलम १९६. आक्षेपार्ह प्रकाशन जप्त करण्याचा अधिकार सरकारला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ ने दिला आहे आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते, जिथे किमान तीन न्यायमूर्तींनी सुनावणी घ्यायची असते. म्हणजे पुस्तक रोखण्यापूर्वी कारणे द्यावी लागतात आणि ती तपासली जातात. धर्मांतर कायद्यातल्या आमिषाच्या व्याख्येतून पुस्तक आत आले तर ही पायरी गळते. पुस्तकावर बंदी येत नाही, ते देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. परिणाम तोच, आव्हान देण्याची जागा मात्र वेगळी.

छपाईच्या बाजूने तर पुस्तके आणखी मोकळी झाली आहेत. १८६७ चा जुना छापखाना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, त्यात पुस्तके धरलेलीच नाहीत.

विधेयकाचा मजकूर वाचताना काय पाहायचे?

पाचशे शब्दांच्या बातमीत हे मावत नाही, म्हणून मजकूर हाती आला की थेट व्याख्यांचे कलम उघडावे. ‘आमिष’ किंवा ‘प्रलोभन’ यात पैसा-वस्तू-लाभ एवढेच आहे की ‘गौरव’, ‘दैवी कोप’ असे शब्दही आहेत? साहित्य, मुद्रित किंवा डिजिटल, असा उल्लेख कुठे येतो? तक्रार फक्त बाधित व्यक्ती आणि कुटुंबीय करू शकतात की कोणीही? आणि धर्मांतर सक्तीने झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे? उत्तर प्रदेशने ती आरोपीवर टाकली आहे.

जाता जाता एक तांत्रिक पण कामाची माहिती. कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी गेले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून त्यांची पुस्तके सर्वांसाठी खुली आहेत. येशूवरचे त्यांचे पुस्तक वर्ध्यातला कोणीही मराठीत आणू शकतो, छापू शकतो, पीडीएफ करून गटावर टाकू शकतो. परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही. ती पीडीएफ पुढे पाठवणाऱ्याविरुद्ध शेजारच्या माणसाला तक्रार करता येईल की नाही, हे त्या एका व्याख्येवर ठरेल.